गप्प फटफटीची झडती

माझे वडील झडती घ्यायचे. अंबरनाथला पितळी नळ बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या गेटवर पाळी सुटली की ते उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशावरून, कमरेवरून, जेवणाच्या डब्यावरून हात फिरवायचे. फौजेत ते कधीच नव्हते, पोलिसांत तर नाहीच नाही, पण खाकी कपडे आणि दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी एवढ्यावर सगळा कारखाना त्यांना हवालदारमामा म्हणायचा. हाताला असं वळण पडलं होतं की लग्नकार्यात कोणाची गळाभेट घेतली तरी हात पाठीवरून घसरत कमरेपर्यंत जायचाच. माझ्या सख्ख्या मामाने एकदा आईकडे तक्रार केली, "ताई, दिवाळीला आलो तर दाजींनी माझी बंडी चाचपली गं!" त्यावर आईने विचारलं, "मग, सापडलं का काय?" बाबांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर तिलाही ती लागण झाली होती.

संशय आमच्या घरात मिठासारखा होता, सगळ्यात पडायचा. दूधवाला हसून बोलला की दुधात पाणी. तो गप्प राहिला की जास्त पाणी. सुकट विकणारी बाई "ताजी आहे" म्हणाली की आई टोपली खालपर्यंत उपसायची, आणि काहीच बोलली नाही की दारातूनच परत पाठवायची. वालाचं बिरडं घालायला वाल सोलत आम्ही मायलेकी ओट्यावर बसायचो, तेव्हाही आई सोललेला एकेक दाणा उलटा करून बघायची, जणू वालाने तिच्यापासून काही लपवलंय. बदलापूर गावात आमच्या अंगणाला कुंपण होतं ते गुरांसाठी नव्हे, तर समोरच्या घरातल्या लोकांना आमच्याकडे काय शिजतंय ते दिसू नये म्हणून. समोरच्यांनी त्यांच्या बाजूने दुसरं घातलं होतं. दोन्हींच्या मधून एक मांजर तेवढं निर्धास्त फिरायचं, आणि त्याच्यावरही बाबांचा डोळा होता.

पण बाबांची खरी करामत डोळ्यांत नव्हती, कानांत होती. अंबरनाथहून बदलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी ते आवाजावरून ओळखायचे. ओट्यावर तंबाखू मळता मळता म्हणायचे, "हा पाटलांचा पोऱ्या. साखळी ढिली आहे आणि घरातून भांडून निघालाय." आणि खरंच पाटलांचा पोऱ्या तोंड पाडून समोरून जायचा. मी तर शपथेवर सांगते, चौकात कोणी काडी ओढली तर ती सादळलेल्या पेटीतली की कोरड्या, हे बाबा घरी बसून सांगायचे. तेच कान मला मिळाले. भाऊ नव्हता, त्यामुळे वारसा दुसऱ्या कोणाकडे जायची सोय नव्हती. रविवारी बाबा मला शेजारी बसवायचे आणि परीक्षा घ्यायचे. कुठल्या गाडीचा पिस्टन थडथडतो, कुठल्या गाडीचं पत्र्याचं झाकण थरथरतं, कुठल्या गाडीच्या टॅपेटची टकटक शिंप्याच्या मशीनसारखी एकसारखी आहे आणि कुठली लंगडी. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या आत झडपा वर उचलणारे छोटे खुंटे. त्यांच्यात नको तेवढी फट राहिली की ते बोलतात. बायकांच्या जातीला हे ज्ञान कशाला, असं आई विचारायची, पण ती स्वतः कुकरच्या शिट्टीवरून रबर कुठे चिरलंय ते सांगायची, म्हणून तिचं कोणी ऐकायचं नाही.

अशा घरात माझं लग्न कसं जमणार? स्थळं यायची. बाबा त्यांची झडती घ्यायचे, आणि स्थळं जायची. एका मुलाची नखं फार स्वच्छ होती. "कामगार म्हणतो आणि नखात काळं नाही? सस्पेंड झालेला असणार." एकाच्या बापाने दोनदा पोहे मागून घेतले. "घरात खायला नाही." एकाने पोहे घेतलेच नाहीत. "पोटाचं काहीतरी दुखणं आहे." शेवटी शेवटी आई पोहे भिजवायला टाकताना आधीच म्हणायची, "आज जास्त भिजवत नाय, तसंही उठूनच जातील." मला हसू यायचं, पण माझ्या बरोबरच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली होती. मी ओट्यावर बसून लोकांच्या गाड्या ऐकत होते. त्या गाड्या कुठूनतरी येऊन कुठेतरी जात होत्या, आणि मी तिथेच.

अशात कारखान्यातून पितळ जायला लागलं. नळाचे ओतलेले तुकडे, बुशी म्हणजे आत बसवायच्या छोट्या नळकांड्या, भंगार, कसं जातंय कळेना. मॅनेजरने बाबांना बोलावून स्वच्छ सांगितलं, की चोर सापडला नाही तर गेटवर दुसरा माणूस येईल. बाबा घरी आले ते भाकरीलाही शिवले नाहीत. आमच्या घरी तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील समोर असताना बाबा जेवले नाहीत ही गोष्ट एवढी मोठी होती की समोरच्या घरातल्या लोकांनी कुंपणावरून चौकशी केली.

दोन-तीन दिवस धुमसून बाबांनी चोर ठरवला. प्रेसशॉपमधला विलास. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये राहणारा, उंच, सावळा, कमी बोलणारा. त्याच्याविरुद्धचा पुरावा बाबांनी आईला स्वयंपाकघरात बसून सांगितला, आणि मी पलीकडे पाट्यावर खोबरं-लसूण वाटत होते, म्हणजे वरवंटा फिरवायचा थांबवून ऐकत होते.

"त्याची गाडी वाजत नाही," बाबा म्हणाले.

"मंग?"

"अगं, मंग काय? साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी. त्या गाडीला बाप दाखव नाहीतर आवाज दाखव! साऱ्या मुलखात ती जात अशी वाजते की म्हशी दूध चोरतात. आणि ह्याची? गेटातून जाते तेव्हा नुसती हुं-हुं-हुं, देवळात म्हातारी पुटपुटते तशी. टॅपेट नाही, साखळी नाही, पत्रा नाही. इंजिनात काहीतरी कोंबलेलं असल्याशिवाय इंजिन असं गप्प बसतं का? पितळ! पितळ आहे आत."

"इंजिनात पितळ ठेवून इंजिन चालंल कसं?"

"तेच तर शोधायचं. आणि दुसरं. मी पाठीमागून 'थांब' म्हणतो तर हा थांबत नाही. सरळ जातो. समोर जाऊन हात आडवा केला तरच थांबतो, आणि असा बघतो जसा मी आत्ताच जमिनीतून उगवलोय. मनात चोर असल्याशिवाय माणूस हाक टाळत नाही."

मग बाबांनी बेत सांगितला. गेटवर इंजिन उघडता येत नाही, युनियनवाले बोंब मारतील. घरी बोलवायचा. कशासाठी? तर मुलगी बघायला. एकदा अंगणात आला की गोड बोलून त्याच्याच हाताने गाडी उघडून घ्यायची.

"आनि शकू?" आईने विचारलं.

"शकूचं काय? पोह्यांची बशी ठेवेल आणि आत जाईल. सवय आहे तिला."

त्या क्षणी माझ्या हातात वरवंटा होता, आणि बाबांचं नशीब की ते भिंतीच्या पलीकडे होते. उंदराच्या पिंजऱ्यात भजं अडकवतात तशी मला अडकवली होती. मी रडले नाही. आमच्या घरात रडणं म्हणजे कोणीतरी कारण शोधायला येणार. मी वाटण पूर्ण केलं, पाटा धुतला आणि ठरवलं, की बाबा खोटं स्थळ आणतायत ना, आपण ते खरं धरायचं. मुलगा चोर निघाला तर निघाला. नाही निघाला तर मी ह्या अंगणातून जाणार, आणि बाबांच्या संशयाला ह्या वेळी मी हे स्थळ खाऊ देणार नाही.

रविवारी सकाळी विलास आला, आणि तो आल्याचं आम्हाला कळलंच नाही! हे मी अजून लोकांना सांगते तेव्हा ते म्हणतात, शकूताई, जरा कमी कर. पण बाबा ओट्यावर कान लावून बसले होते, मी खिडकीत कान लावून बसले होते, आणि एकदम आई ओरडली, "अहो, कुंपणापाशी कोन उभं हाय!" फटफटी कुंपणाला टेकलेली आणि हा माणूस हातात पुडकं घेऊन उभा. बाबांचा चेहरा असा झाला जसा कोणी त्यांच्याच खिशातून त्यांची तंबाखू काढून नेलीय. हल्ली बॅटरीवरच्या स्कूटर आल्यात, मांजरासारख्या मागून येतात आणि माणूस दचकून गटारात पडतो. बाबा आज असते तर त्यांनी त्या सगळ्या स्कूटरी एका रांगेत उभ्या करून उघडून घेतल्या असत्या.

"या या, विलासराव!" बाबा म्हणाले. कारखान्यात ते त्याला 'ए प्रेसशॉप' म्हणायचे. बोलता बोलता त्यांनी त्याला मिठी मारली आणि मी खिडकीतून पाहिलं, हात पाठीवरून कमरेपर्यंत गेला.

"नमस्कार हवालदारमामा. हे आमच्या गल्लीतले पापड," त्याने पुडकं पुढे केलं. "सिंधी शेजारीण करते. एकदम फर्स्टक्लास. आईने दिलेत."

आई पुडकं आत घेऊन आली आणि पापड उजेडात धरून आरपार बघितलं. "पोह्यांला येताना पापड कोन आणतं? पेढे आणतात." मी म्हटलं, पितळ तर नाही ना दिसत पापडात? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पोह्यांवर खोबरं घालायला वळले.

पोहे घेऊन बाहेर गेले. पद्धत अशी की मुलीने मान खाली घालायची. मी घातली, आणि तशीच त्याच्या गाडीकडे वळवली. बाबा म्हणाले होते ते खरं होतं, गाडी जुनी होती, टाकीला पोचे होते, पण इंजिन थंड व्हायला असतात त्या पट्ट्या-पट्ट्यांच्या मधे मधे छोटे काळे चौकोन बसवले होते. दातांच्या फटीत सुपारी अडकावी तसे. मी बशी त्याच्या डाव्या हाताला ठेवली आणि हळूच म्हटलं, "तिखट चालेल ना?" त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं, शिष्ट आहे. मग वाटलं, नाही, बाबा म्हणतात तेच खरं, ह्याच्या मनात काहीतरी आहे.

बाबांनी सुरुवात गोड केली. त्यांनाही एक जुनी फटफटी घ्यायचीय, पण आवाजाला कंटाळलेत, तर तुमची एवढी शांत कशी, जरा दाखवता का? विलासचा चेहरा खुलला. आतापर्यंत चार शब्द बोलला असेल, आता उठून गाडीच्या उजव्या अंगाला उकिडवा बसला. डिकीतून पाने काढले, आमच्याकडून घासलेट मागितलं आणि आईच्या परातीत एकेक झाकण उघडून ठेवायला लागला. समोरच्या कुंपणावर डोकी उगवली. अर्ध्या तासात अख्खी आळी जमली आणि बाहेरून आलेल्यांना वाटलं, हवालदाराने मुलाचं पोस्टमार्टेम लावलंय.

"गाडी वाजते म्हणजे काय मामा, दोन वस्तू एकमेकींवर आपटतात," विलास सांगत होता. "आपटतात तिथे झिजतात. लोक काय करतात, टॅपेट आवळून टाकतात. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. दोन महिन्यांनी झडप जळते, मग बसा. टॅपेट आवळायचा नाही. टॅपेटवरची ही सळई बघा. बोटांनी गोल फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस, एवढाच हिशेब."

"आणि हे काळं?" बाबांनी बोटाने पट्ट्यांमधला चौकोन उपटला.

"रबर. ह्या पट्ट्या घंटेसारख्या वाजतात. मधे रबर दाबलं की घंटा बंद."

"रबर कुठलं?" बाबांचा आवाज बदलला. कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्याला तसंच रबर होतं.

"ट्रकच्या जुन्या ट्यूबचं. कॅम्प दोनच्या टायरवाल्याकडचं."

बाबांनी रबर हुंगलं. चावून बघितलं, खोटं नाही सांगत. मग ते चघळतच म्हणाले, "ऑइल काढा." का, ते विलासला कळेना, पण त्याने परातीशेजारी डबा लावला आणि ऑइल सोडलं. बाबांनी खिडकीतून आत हात घालून आईची चहाची गाळणी ओढून आणली आणि ते काळं ऑइल गाळायला बसले! आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. आणि गाळणीत, काळ्या गाळात, एक पिवळा कण चमकला.

"पितळ!" बाबा ओरडले. आळीतली सगळी डोकी कुंपणाच्या अलीकडे आली.

विलासने बघितलं. त्याला तेव्हा कळलं असावं की आपण मुलगी बघायला नाही आलो. त्याचा चेहरा उतरत उतरत पार बंद झाला. "ते आतल्या बुशीचं आहे, मामा," तो सावकाश म्हणाला. "पिस्टनच्या खिळ्याला असते ती. झिजते थोडी."

"कारखान्यातही बुशीच बनतात!"

आईने गाळणी हिसकावून घेतली, कण बोटावर धरला आणि म्हणाली, "अहो, एवढं एवढं चोरून ह्याचा एक नळ करायचा तर ह्याला सात जल्म घ्यावे लागतील. आनि गाळणी माझी गेली ती गेली." लोक हसले. बाबा हसले नाहीत. ते विलासच्या डाव्या बाजूला सरकले, पाठीमागून वाकले आणि दबक्या, गेटवरच्या आवाजात विचारलं, "मग पितळ कोण नेतो? बोल."

विलास काही बोलला नाही. सळई बोटात फिरवत राहिला.

"बोल. मी हाक मारतो तेव्हा थांबत का नाहीस?"

काही नाही. बाबांनी आमच्या सगळ्यांकडे विजयाने बघितलं. बघा, माणूस खरा असता तर उत्तर दिलं असतं. आणि मलाही तसंच वाटलं. म्हटलं, गेलं. हेही गेलं. आणि ह्या वेळी नुसतं स्थळ नाही गेलं, उद्या हा कारखान्यातून जाणार, ह्याच्या घरच्या दाराशी पोलीस जाणार, आणि त्याला ह्या अंगणात आणलं ते माझ्या नावावर.

तेवढ्यात त्याने झाकणं बसवली, गाळलेलंच ऑइल परत घातलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली, पण आता ती गप्प नव्हती. बाबांनी रबर उपटलं होतं, सळयांना हात लावला होता, आणि एक टॅपेट वाजत होता. लंगडा. मी ऐकलं, मागचा. मी त्याच्या डावीकडे उभी होते, म्हटलं, "मागचा वाजतोय." त्याने ऐकलं नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं. नाहीच. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावायच्या ऐवजी दातांत धरली. डोळे मिटले. मेकॅनिक कानाला लावतात, मी शंभर वेळा बघितलंय. हा दातांतून ऐकत होता, हाडातून. पुढच्या टॅपेटवरून मागच्यावर गेला, थांबला, मान हलवली आणि झाकण काढून मागच्याचीच फट बेताची केली.

मग मला सगळं दिसलं. पोह्यांची बशी मी कुठल्या हाताला ठेवली होती ते, बाबा गेटवर कुठल्या बाजूने 'थांब' म्हणतात ते. प्रेसशॉपमध्ये दिवसभर घण पडतात. आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याचा एक कान आत राहिलेला असतो. ह्याचा डावा राहिला होता. उरलेल्या एका कानाला रस्त्यावरचे मागून येणारे ट्रक ऐकू यावेत म्हणून ह्याने स्वतःची गाडी गप्प केली होती. आणि हे तो कोणालाच सांगू शकत नव्हता, कारण कारखान्याच्या डॉक्टरला कळलं की हवालदाराच्याही आधी डॉक्टर त्याला गेटाबाहेर काढणार.

आता माझी पंचाईत बघा. सांगावं तर चोरीचा डाग जातो आणि नोकरी जाते. गप्प राहावं तर चोर ठरतो आणि नोकरी जातेच. बाबा तर पेटलेले, पुन्हा त्याच्या डाव्या अंगाला सरकत होते.

"बाबा," मी म्हटलं, "तिकडे ऊन आलंय. डोकं दुखेल. इकडे बसा, ह्या बाजूला. चहा आणते." आणि पाट उचलून विलासच्या उजवीकडे टाकला. ऊन कुठेच नव्हतं, आभाळ भरलेलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मुलीने काळजी केली म्हणून म्हणा किंवा चहाच्या नावाने म्हणा, बाबा उठले आणि येऊन बसले.

"हं, आता बोला बाबा. काय विचारत होतात?"

"मी म्हटलं, हाक मारली तर थांबत का नाही?"

विलासने झटकन मान वळवली. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे. ती नजर माझ्यावर जरा जास्त थांबली. "गेटवर गडबड असते मामा," तो म्हणाला. "लक्ष नसतं. चुकलं. आणि पितळ कोण नेतं मला माहीत नाही. माझी गाडी रोज उघडून बघा. हवं तर मी स्वतः उघडून देतो. पण पोह्यांना बोलावून उघडू नका." शेवटच्या वाक्याला जमलेल्यांतली दोन डोकी आपोआप खाली गेली.

बाबांनी विचारलं, ह्याने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं. घर कोणाचं, आई काय करते, पाळी कुठली, दारू पितोस का. एकही उत्तर अडलं नाही. बाबा हळूहळू मोडत गेले. प्रश्न संपले तेव्हा ते मिशी ओढत आत आले, आईला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "माणूस काहीतरी लपवतोय."

"काय?"

"ते कळत नाही. पण पितळ नाही."

"मंग?"

"मंग काय. लपवत सगळेच असतात. चोर नाही एवढं नक्की. शकूला विचार."

आईने मला विचारलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पापड तळायला कढई ठेवली. माझ्या तोंडावरचं उत्तर ही आमच्या घरातली पहिली गोष्ट जी कोणी उलटी करून न बघता स्वीकारली.

पितळ कसं जात होतं ते पुढे कळलं. कॅन्टीनच्या मोठ्या पातेल्यांना दुसरं बूड लावलेलं होतं, आणि बाबा रोज त्या पातेल्यांना रस्ता करून देत होते, कारण आतून वाटणाचा वास यायचा. ते कळलं त्या दिवशी बाबांनी घरातली सगळी पातेली पालथी घातली. पण ती फार नंतरची गोष्ट.

त्या दिवशी विलास निघाला तेव्हा गाडीचा आवाज पुन्हा हुं-हुं झाला होता. ट्यूबचे तुकडे त्याने जागच्या जागी बसवले होते, बाबांनी चावलेला सोडून. मी कुंपणापर्यंत गेले. बाबा ओट्यावर होते, कान आमच्याकडे. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि ओठ न हलवता, मुंगीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "मला कळलंय. मी कोणाला सांगणार नाही."

ही माझी झडती होती. बाबांची मुलगी मी, खात्री केल्याशिवाय लग्न कसं करणार? पण विलास गाडीवर बसता बसता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माहीत आहे." आणि गेला.

आता तुम्हीच सांगा. डावा कान बहिरा, मी ओठ हलवले नाहीत, मग ह्या माणसाला काय माहीत होतं? लग्नानंतर मी विचारलं तर म्हणाला, हेडलाइटच्या काचेत तुझं तोंड दिसलं. मी म्हटलं, ओठ हलले नव्हते. म्हणाला, डोळे हलले होते. आज तो म्हातारा झालाय, दोन्ही कानांत मशीन आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला दर सांगतो तो ऐकू येतो, शेजाऱ्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. मी डावीकडून म्हटलं की पंखा पुसा, तर बहिरा. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर राहिले, सगळं विचारून झालं, सगळं चाचपून झालं. त्या दिवशी कुंपणापाशी त्याने मला ऐकलं होतं की नाही, ते अजून कळलेलं नाही, आणि मी शोध सोडलेला नाही.